नोरीचा उन्हाळा

गेल्या काही वर्षांत एक गोष्ट निरनिराळ्या ठिकाणी आमच्या वाचनात आली. ती साधारण अशी सांगितली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या किनाऱ्यावरचे नोरीचे पीक बुडाले. नोरी म्हणजे भाताच्या गुंडाळीभोवती जो काळपट-हिरवा कागदासारखा पापुद्रा असतो, ते समुद्रशैवाल. ते का बुडाले हे कोणालाच कळेना. तिकडे मँचेस्टरमध्ये कॅथलीन ड्रू नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई अशाच एका शैवालाचा अभ्यास करीत होत्या. लग्न केले म्हणून त्यांची नोकरी गेली होती. त्यांना शिंपल्यात एक रहस्य सापडले, त्यांनी ते छापले, जपानी कोळ्यांनी ते वाचले, पीक पुन्हा उभे राहिले, आणि कृतज्ञ कोळ्यांनी कधीही जपानला न गेलेल्या त्या बाईंचे स्मारक उभारले.

गोष्ट खोटी नाही. तिच्यातले बहुतेक प्रसंग कागदोपत्री दाखवता येतात. पण तिची घडण फार गोलाई असलेली आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याला अशा गोलाईचा संशय यावा. वर्तुळ पूर्ण करण्याची घाई निसर्गाला नव्हती, ड्रू यांनाही नव्हती. ती सांगणाऱ्याची आहे. म्हणून ही गोष्ट थोडी उलगडून पाहावी असे आम्हांला वाटले. विषय वनस्पतिशास्त्राचा असला तरी त्यातला पेच नावांचा आहे, आणि नावांचे पेच आपल्या अभ्यासक्षेत्रात येतात.

मराठीत शेवाळ म्हटले की पाय घसरतो. विहिरीची पायरी, पावसाळी भिंत, साचलेले पाणी, बुरसटलेले विचार, असा या शब्दाचा परिवार आहे. संस्कृतातले शैवाल इतके बदनाम नव्हते. कालिदासाने शकुंतलेच्या रूपाची थोरवी सांगताना ते कमळाच्या शेजारी नेऊन ठेवले आहे. पण तेही गोड्या पाण्यातले, सरोवरातले. समुद्राच्या शेवाळाला आपल्या काव्यात जागा नाही. जपानी काव्यात ती आहे. नोरी हा तेथे वसंत ऋतूचा सूचक शब्द मानला जातो, आणि खाताना दाताखाली आलेल्या नोरीतल्या वाळूच्या कणावरून स्वतःच्या उतारवयाची जाणीव व्हावी असा हायकू बाशोने १६९१ साली लिहिला आहे. त्याही आधी, इ.स. ७०१च्या ताइहो संहितेत करादाखल द्यायच्या वस्तूंमध्ये नोरीचा समावेश होता. तेथे तिचे नाव 'मुरासाकी-नोरी', म्हणजे जांभळी नोरी. अकराशे वर्षांनंतर, १८२४ साली, स्वीडनमधील कार्ल आगार्ड यांनी या वंशाला 'पॉर्फिरा' हे नाव दिले. ग्रीकमध्ये त्याचाही अर्थ जांभळा. दोन टोकांच्या दोन भाषांनी एकाच गोष्टीकडे पाहून एकच शब्द उच्चारावा असा योग क्वचित येतो.

हे शैवाल भरती आणि ओहोटी यांच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात वाढते. पान म्हणावे असे एक पातळ पटल, बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे. ओहोटीच्या वेळी ते उन्हावाऱ्यात उघडे पडते, अंगातले बहुतेक सगळे पाणी गमावते, खडकाला काळ्या कागदासारखे चिकटून बसते; भरती आली की काही वेळात पुन्हा जिवंत होऊन लाटेवर हलू लागते. दिवसातून दोन वेळा मरून दाखवणारे हे जीवन आहे. वेल्सच्या किनाऱ्यावरचे लोक याच वंशातले शैवाल शिजवून खातात. जपान्यांनी मात्र कागद बनवण्याची रीत त्याला लावली: बारीक चिरायचे, पाण्यात कालवायचे, चौकटीत ओतायचे, चटईवर वाळवायचे. एदोतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, ज्या आसाकुसा भागाचे नाव नोरीला चिकटले, तो भाग रद्दीपासून बनवलेल्या कागदासाठीही प्रसिद्ध होता.

एदोच्या उपसागरात सतराव्या-अठराव्या शतकांपासून नोरीची शेती होत होती. शेती म्हणजे काय, तर शरद ऋतूत उथळ पाण्यात बांबूच्या आणि झाडांच्या फांद्या रोवून ठेवायच्या आणि वाट पाहायची. काही दिवसांनी फांद्यांवर बारीक जांभळे ठिपके दिसू लागत. हिवाळाभर ते वाढत. वसंतापर्यंत तोडणी चाले. मग नोरी नाहीशी होई. पुढल्या शरदात ती पुन्हा येई, किंवा येत नसे. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांनी एवढे ओळखले होते की, फांद्या एका जागी रोवून ठिपके धरू द्यावेत आणि मग त्या नदीच्या मुखाशी हलवाव्यात. पीक चांगले येते. विसाव्या शतकात फांद्यांच्या जागी जाळी आली. पण बी कोठून येते हे कोणालाही ठाऊक नव्हते. पेरणीवाचून केलेली ही शेती होती, आणि म्हणूनच नोरीला 'नशिबाचे गवत' म्हणत. १९४८च्या सुमारास नशीब फिरले. तुफाने, किनाऱ्यावरची बदललेली परिस्थिती, प्रदूषण अशी कारणे दिली जातात. पण बी कोठे असते हेच माहीत नसेल, तर ते का आले नाही याचे उत्तर कोण देणार?

नोरी उन्हाळ्यात कोठे जाते, हा तो प्रश्न होता.

त्याचे उत्तर सत्तावन्न वर्षे आधीपासून छापलेले होते, फक्त दुसऱ्या नावाखाली. १८९२ साली एडवर्ड बॅटर्स या ब्रिटिश शैवालतज्ज्ञाने शिंपल्यांच्या चुन्यात भोके पाडून राहणाऱ्या एका सूक्ष्म तंतुमय लाल शैवालाचे वर्णन केले. समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या जुन्या शिंपल्यांवर गुलाबी छटा दिसते, ती त्याची. त्याला नाव दिले 'कॉन्कोसेलिस रोझिया'. मराठीत फोड करायची तर 'शिंपल्यावरचा गुलाबी डाग'. नवा वंश, नवी जाती, रीतसर लॅटिन नाव. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर वेगळे कपाट, वेगळा क्रमांक. पॉर्फिरा एका कपाटात, कॉन्कोसेलिस दुसऱ्या.

आपल्याकडे कल्पना करून पाहावी. आरती प्रभू या कवीचे संग्रह एका विद्यापीठात अभ्यासले जात आहेत, चिं. त्र्यं. खानोलकर या कादंबरीकाराच्या कादंबऱ्या दुसऱ्या. आणि पन्नास-साठ वर्षे दोन्हीकडच्या कोणालाही ही दोन नावे एकाच माणसाची आहेत हे ठाऊक नाही. दोन्हीकडचे प्रबंध आपापल्या जागी निर्दोष ठरतील. चूक एकाही पानावर सापडणार नाही. ती दोन पुस्तकांच्या मधल्या मोकळ्या जागेत असेल.

अर्थात सजीवाला दोन रूपे असू शकतात ही कल्पना तोवर नवी राहिलेली नव्हती. तिचा उगम एका साहित्यिकाकडे जातो, हे आमच्या वाचकांना सांगायला आम्हांला आनंद वाटतो. आदेलबर्ट फॉन शामिसो हा जर्मन कवी. आपली सावली विकून टाकणाऱ्या पेटर श्लेमीलची त्याची कथा १८१४ साली प्रसिद्ध झाली आणि युरोपभर गाजली. १८१५ ते १८१८ या काळात 'रूरिक' या रशियन जहाजावरून निसर्गशास्त्रज्ञ म्हणून त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या प्रवासात त्याने साल्पा नावाच्या पारदर्शक समुद्रजीवाचे निरीक्षण केले. एकटा तरंगणारा साल्पा साखळीने जोडलेल्या साल्पांना जन्म देतो, आणि साखळीतला प्रत्येक साल्पा पुन्हा एकट्या साल्पाला. आई आणि मूल यांच्यात साम्य नाही, साम्य आहे ते आजी आणि नातवंडांत. १८१९ साली त्याने हे लिहिले, तेव्हा ते अनेकांना कवीची कल्पना वाटले. १८४२ साली डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ स्टीनस्ट्रुप यांनी 'पिढ्यांचे एकांतरण' हा सिद्धांत मांडला आणि शामिसोचे म्हणणे खरे ठरले. १८५१ साली हॉफमाइस्टर यांनी शेवाळी आणि नेचे यांच्यात तेच दाखवले. १८६७ साली बॉर्ने आणि त्युरे या फ्रेंच जोडीने लाल शैवालांतील फलन उलगडले. १९०६ साली शिगेओ यामानोउची या जपानी संशोधकाने पॉलिसायफोनिया या लाल शैवालाचे संपूर्ण जीवनचक्र गुणसूत्रांच्या आधारे मांडले. म्हणजे सर्व साधने तयार होती, आणि जपानी हातांतही होती. तरी पॉर्फिराचा उन्हाळा कोणाला सापडला नाही, कारण पॉर्फिरा हे लाल शैवालांतले साधे, आदिम घराणे मानले जाई. साध्याकडून गुंतागुंतीची अपेक्षा कोणी करीत नाही. समीक्षकही करीत नाहीत.

लिनिअसने अठराव्या शतकात वनस्पतींची विभागणी फुलांतील स्त्रीकेसर-पुंकेसरांवरून केली, आणि ज्यांना फूलच नाही अशा शैवाल, शेवाळी, नेचे, बुरशी या सर्वांना चोविसाव्या वर्गात घातले. त्याचे नाव 'क्रिप्टोगामिया', म्हणजे गुप्त विवाह. कॅथलीन मेरी ड्रू यांची सारी कारकीर्द या गुप्तविवाही वनस्पतींच्या अभ्यासात गेली, आणि उघड विवाह केल्याने तिला तडा गेला. हा श्लेष आमचा नाही, इतिहासाचाच आहे.

त्यांचा जन्म ६ नोव्हेंबर १९०१ रोजी लँकेशायरमधील ली या गावचा. मँचेस्टर विद्यापीठातून १९२२ साली वनस्पतिशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात, पुढच्या वर्षी एम.एस्सी., तेथेच अध्यापन. १९२५ साली कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती मिळवून त्या दोन वर्षांसाठी कॅलिफोर्नियातील बर्कलीला गेल्या. शैवाले गोळा करण्यासाठी हवाईपर्यंत पोहोचल्या. १९२८ साली हेन्री राइट बेकर यांच्याशी विवाह झाला. विवाहित स्त्रीला अध्यापकपदी ठेवायचे नाही असा विद्यापीठाचा नियम होता, पद गेले. हा नियम एकट्या त्या विद्यापीठाचा नव्हता. इंग्लंडमध्ये शाळांतील शिक्षिकांवरची ही बंदी १९४४ साली आणि मुलकी सेवेतली १९४६ साली उठली. ड्रू यांचा प्रयोगशाळेशी संबंध मानद संशोधक म्हणून टिकला. संसार होता, दोन मुले होती. १९३९ साली त्यांनी डी.एस्सी. मिळवली. १९२४ ते १९५७ या काळात सत्तेचाळीस शोधनिबंध, बहुतेक लाल शैवालांवरचे. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या आमच्या मित्रमैत्रिणींना या ओळीत किती काय दडले आहे हे सांगावे लागणार नाही.

शैवालांचा अभ्यास इंग्लंडमध्ये पूर्वीपासून स्त्रियांच्या वाट्याला आलेला होता. मुलांसाठी लिहिणाऱ्या मार्गारेट गॅटी यांनी १८६३ साली ब्रिटिश समुद्रशैवालांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात किनाऱ्यावर जाणाऱ्या स्त्रियांना मुलग्यांचे शिकारी बूट घालण्याचा सल्ला दिला. त्याआधी, १८४३ पासून, ॲना ॲटकिन्स यांनी शैवालांचे निळे छायाठसे काढून पुस्तकाच्या रूपात वाटले. छायाचित्रांनी सजलेले ते पहिले पुस्तक मानतात. किनारा सर्वांचा होता, तेथे प्रवेशपरीक्षा नव्हती. ड्रू यांना प्रयोगशाळेचे दार उघडे होते, एवढा फरक झाला होता. वेतनपत्रकाचे दार मात्र बंद.

२९ ऑक्टोबर १९४९च्या 'नेचर' साप्ताहिकात त्यांचे टिपण आले. दोन पृष्ठांत मावणारे. विषय: 'पॉर्फिरा अम्बिलिकॅलिस' या वेल्स-इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जातीच्या जीवनवृत्तांतातील कॉन्कोसेलिस अवस्था. पॉर्फिराच्या पानावर फलनानंतर जी बीजुके तयार होतात, ती यापूर्वीही अनेकांनी काचेच्या भांड्यांत रुजवून पाहिली होती. त्यांतून बारीक तंतू येत आणि गाडी तेथेच अडे. ड्रू यांनी त्या बीजुकांना निर्जंतुक केलेले शिंपले दिले. बीजुके शिंपल्यात शिरली, चुना पोखरून आत पसरली, आणि त्यांचे जे रूप झाले ते बॅटर्स यांच्या कॉन्कोसेलिस रोझियाचे होते. दोन कपाटांतली दोन पुस्तके एकाच हातची निघाली.

त्या बीजुकांना काय हवे आहे हा प्रश्न विचारणे, एवढाच हा शोध होता असे म्हणावेसे वाटते. पण 'एवढाच' या शब्दामागे पंचवीस वर्षांचे सूक्ष्मदर्शकाखालचे आयुष्य आहे.

आज आपल्याला जे चक्र ठाऊक आहे ते असे. हिवाळ्यात खडकावर दिसणारे पान ही गंतुकधारी पिढी. तिच्या पेशीत गुणसूत्रांचा एकच संच असतो. पानाच्या काठाशी नर आणि मादी गंतुके तयार होतात. लाल शैवालांची एक चमत्कारिक गोष्ट अशी की, त्यांच्या आयुष्यातल्या कोणत्याही टप्प्यावर पोहण्यासाठी शेपटी नसते. हिरव्या किंवा तपकिरी शैवालांची नर गंतुके पोहत जातात; लाल शैवालांची नुसती वाहत जातात. मीलन पाण्याच्या मर्जीवर. (२०२२ साली फ्रेंच आणि चिली येथील संशोधकांनी ग्रॅसिलेरिया या दुसऱ्या लाल शैवालाबाबत दाखवले की, इडोटिया नावाचा छोटा कवचधारी जीव शैवालावर फिरताना ही नर गंतुके अंगाला चिकटवून दुसरीकडे नेतो. मधमाशीचे काम समुद्रातही चालते हे कळायला इतका वेळ लागला.) फलन झाले की द्विगुणित, म्हणजे दोन संचांची, बीजुके सुटतात. हिवाळा संपत आलेला असतो. पाने झिजतात, फाटतात, नाहीशी होतात. बीजुके तळाशी बसतात आणि एखाद्या शिंपल्यात शिरतात. तेथे सुरू होते ती बीजुकधारी पिढी: नखाएवढाही पसारा नसलेले गुलाबी तंतू, चुन्याच्या भिंतीआड, मंद उजेडात. उन्हाळा असा जातो. दिवस लहान होऊ लागले, पाणी थंड झाले, की तंतूंच्या टोकांशी वेगळी बीजुके तयार होतात, बाहेर पडतात, खडकाला किंवा जाळ्याला धरतात, आणि गुणसूत्रांचे संच पुन्हा निम्मे होऊन पान उगवते.

गंतुकधारी, बीजुकधारी, एकगुणित, द्विगुणित हे शब्द मराठी विश्वकोशाने आपल्याला दिलेले आहेत. ते पाठ्यपुस्तकी म्हणून हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे, पण 'गंतुक' या शब्दात 'जाणारा' हा अर्थ आहे आणि जो स्वतः जाऊ शकत नाही अशा लाल शैवालाच्या गंतुकाला तो लावताना जी विसंगती जाणवते, ती मूळ ग्रीक शब्दात नाही.

आता त्या गोलाईकडे येऊ. वर सांगितलेले पूर्ण चक्र १९४९च्या टिपणात नव्हते. पानापासून शिंपल्यापर्यंतची वाट त्यात होती. शिंपल्यापासून पानापर्यंतची परतीची वाट नव्हती. ती वाट पुढील काही वर्षांत, मुख्यतः जपान आणि चीनमध्ये, स्थानिक जातींवर काम करणाऱ्यांनी शोधली. क्यूशू विद्यापीठातील सोकिची सेगावा यांनी ड्रू यांचे काम जपानी नोरीवर तपासून पाहिले. दोघांचा पत्रव्यवहार होता. मुनेनाओ कुरोगी यांनी १९५३ साली जपानी जातीचा जीवनक्रम मांडला. चीनमध्ये त्सेंग आणि चांग यांनी १९५४-५५ मध्ये तेच काम केले. कुमामोतो प्रांताच्या मत्स्यसंशोधन केंद्रातील फुसाओ ओता यांनी १९५३ साली शिंपल्यांतून बीजुके सोडवून ती जाळ्यांवर धरवण्याची रीत बसवली. गुणसूत्रे निम्मी कोठे होतात हा तपशील तर १९८०च्या दशकात नीट सुटला: शिंपल्यातून आलेले बीजुक रुजतानाच, म्हणजे नव्या पानाच्या अगदी पहिल्या पेशींत.

ड्रू यांचे श्रेय यामुळे उणे होत नाही. आमचा आक्षेप गोष्ट सांगण्याच्या रीतीला आहे. एकाकी पाश्चात्त्य प्रतिभा, पौर्वात्य संकट, दैवी सुटका हा साचा जुना आहे. त्यात बसवले की सेगावा, कुरोगी, ओता, त्सेंग ही नावे गळून पडतात, आणि तीनशे वर्षे फांद्या रोवणाऱ्या, नदीच्या मुखाशी त्या हलवणाऱ्या शेतकऱ्यांचे ज्ञान 'नशीब' या एका शब्दात आटोपते. त्यांना बी कोठून येते ते ठाऊक नव्हते, पण ते केव्हा आणि कोठे येते हे कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा त्यांना नेमके ठाऊक होते. त्या ज्ञानावाचून ओता यांच्या जाळ्यांचे काय करायचे हे कोणाला कळले नसते.

रीत मात्र खरोखरच शेती पालटणारी होती. वसंतात शिंपल्यांवर बीजुके सोडायची; ते शिंपले उन्हाळाभर टाक्यांत, मंद उजेडात सांभाळायचे; शरदात जाळी त्यांच्या संपर्कात आणायची, आणि मग जाळी समुद्रात. नोरीचा उन्हाळा कोळ्यांच्या अंगणात आला. पेरणी माणसाच्या हाती आली. नशिबाचे गवत पीक झाले.

ड्रू यांनी १९५२ साली ब्रिटिश शैवालशास्त्र परिषदेच्या स्थापनेत भाग घेतला आणि त्या तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १४ सप्टेंबर १९५७ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १४ एप्रिल १९६३ रोजी कुमामोतोतील उतो येथे, आरिआके समुद्राकडे पाहणाऱ्या सुमियोशी देवस्थानाच्या टेकडीवर त्यांचे स्मारक उभे राहिले. पैसे नोरीच्या शेतकऱ्यांनी जमवले. दर वर्षी १४ एप्रिलला तेथे ड्रू यांच्या नावाने उत्सव होतो. तेथे त्यांना 'समुद्रमाता' म्हणतात.

या उपाधीने आम्हांला थोडे अवघडल्यासारखे होते. लग्न केले म्हणून ज्या बाईची अध्यापकी गेली, तिला मरणोत्तर मातृपद मिळावे यात कर्तृत्ववान स्त्रीकडे पाहण्याची एकच नजर दोन्हीकडे दिसते, असे एका बाजूने वाटते. आपल्याकडेही ही सवय आहे. पण दुसऱ्या बाजूने, ती उपाधी देणारे विद्यापीठाचे पदाधिकारी नव्हते, हातावर पोट असणारे लोक होते. त्यांच्या भाषेत ऋण व्यक्त करण्यासाठी याहून मोठा शब्द नसावा. शास्त्रीय टिपणाचे वाचक म्हणून कोळ्यांनी वर्गणी काढून लेखिकेचे स्मारक बांधल्याचे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही. साहित्याच्या इतिहासातही नाही.

आणि कथा येथेही संपत नाही. आरिआके समुद्रात भरती-ओहोटीचा फरक सुमारे सहा मीटर, जपानमध्ये सर्वांत मोठा. तेथील चिखलाळ, पोषक पाण्यावर जपानच्या नोरीचा मोठा भाग पिकतो. त्या समुद्राच्या पश्चिम टोकाला इसाहाया उपसागर आहे. शेतजमीन मिळवण्यासाठी आणि पुरापासून संरक्षणासाठी सरकारने त्यावर सात किलोमीटर लांबीचा बांध घातला, आणि २९३ पोलादी पत्रे एकामागून एक पाण्यात सोडून उपसागर बंद केला. तारीख होती १४ एप्रिल १९९७. उतोच्या टेकडीवरच्या उत्सवाचीही हीच तारीख. यात योगायोगापलीकडे काही शोधू नये. २०००-०१च्या हिवाळ्यात आरिआकेतली नोरी फिकी पडली, पीक बुडाले, आणि कोळी बोटी घेऊन बांधावर निदर्शनाला गेले. एकपेशीय वनस्पतींच्या उद्रेकाने पाण्यातले पोषण खाऊन टाकल्याने नोरीचा रंग उडाला, हे तात्कालिक कारण. त्यामागे बांधाचा हात किती, यावर शास्त्रज्ञांत आणि न्यायालयांत वाद झाला. २०१०च्या डिसेंबरमध्ये फुकुओका उच्च न्यायालयाने दरवाजे उघडण्याचा आदेश दिला. ते उघडले गेले नाहीत. बांधाआडच्या नव्या जमिनीवरचे शेतकरी ते उघडू नयेत म्हणून न्यायालयात गेले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोळ्यांचे अपील फेटाळले आणि दरवाजे बंद राहण्यावर शिक्कामोर्तब झाले. २०२२-२३च्या हंगामात आरिआकेत पुन्हा मोठी तूट आली होती. बी कोठून येते हे आता सर्वांना माहीत आहे. टाक्यांत शिंपले तयार आहेत. पाणी कोणाचे, हा प्रश्न शिंपल्यात सुटत नाही.

नावांचा पेचही मिटलेला नाही. २०११ साली पॉर्फिरा वंशाची फेरमांडणी झाली आणि जपानी नोरी 'पायरोपिया' झाली. २०२० साली पुन्हा मांडणी होऊन ती 'निओपायरोपिया' झाली. ड्रू यांची अम्बिलिकॅलिस मात्र पॉर्फिराच राहिली. म्हणजे आज काटेकोरपणे बोलायचे तर मँचेस्टरचे शैवाल आणि कुमामोतोची नोरी यांचे वंश वेगळे आहेत. 'कॉन्कोसेलिस' हे नाव जातीचे राहिले नाही, पण अवस्थेचे नाव म्हणून टिकले. खोट्या ठरलेल्या नावाला असे पुनर्वसन क्वचितच मिळते.

पॉर्फिरा आपल्याकडेही आहे. 'पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस' या नावाने ओळखली गेलेली जाती सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील खडकांवर पावसाळ्यात उगवते. जपानी नोरीचा हंगाम हिवाळ्याचा, हिचा पावसाचा. समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात; त्या दिवसांत खडकाच्या वरच्या अंगाला, जेथे लाटेचा फवारा पोहोचतो तेथे, ही जांभळट-तपकिरी पाने लवलवतात. पाऊस ओसरला की ती दिसेनाशी होतात. त्यानंतर ओहोटीच्या वेळा पाहून बायका त्याच किनाऱ्यावर कालवे काढायला येतात. कालवाचे वरचे झाकण फोडून आतला गर घेतात. खालचे शिंपले खडकाला घट्ट चिकटलेले असते, ते तेथेच राहते.